अमेरिकेला फराळ पाठवायचाय, डब्यावर 'गिफ्ट' लिहू का?

सुगरण_डोंबिवली
१६ सप्टेंबर २०२५, दुपारी २:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या विभागातच सापडते, आज जरा वेगळ्या कामाने इकडे आलेय.

गेली नऊ वर्षं मी दिवाळीचा फराळ करून देते, ओळखीतल्या चाळीसेक घरांना. त्यातले पंधरा-सोळा डबे दर वर्षी अमेरिकेला जातात. कुणाचा मुलगा न्यू जर्सीला, कुणाची लेक टेक्ससला. दसरा झाला की डबे स्पीड पोस्टाने रवाना, हा माझा शिरस्ता. यंदा लोक आधीच विचारायला लागले म्हणून चौकशीला पोस्टात गेले, तर 'अमेरिका' म्हटल्याबरोबर काउंटरवरच्या बाईंनी मान हलवली. २५ ऑगस्टपासून पार्सलं बंद, आणि आता तर साधी पत्रंसुद्धा घेत नाहीत.

मग एका कुरियरवाल्याकडे गेले. तो तयार आहे. सात किलोच्या डब्याला साडेसात हजार भाडं, आणि वर "तिकडे ५० टक्के ड्यूटी लागेल, ती घेणारा भरेल." आतला फराळ पाच हजारांचा. म्हणजे साडेबारा हजारांवर आणखी सव्वासहा हजार? या हिशेबाने एक करंजी किती रुपयांना पडते ते मी कागदावर काढलं आणि कुणाला सांगितलं नाही.

निघताना तो म्हणाला, "काकू, सरळ गिफ्ट लिहा आणि किंमत पाचशे टाका. कोण बघतंय?" मला काही ते पटलं नाही. पण नक्की काय चूक आहे तेही सांगता येईना. कुणाला माहिती असेल तर लिहा.

एडिसनचा_बाळ्या
१६ सप्टेंबर २०२५, संध्याकाळी ७:०५

काकू, ताजा अनुभव सांगतो. आईने गणपतीच्या आधी पाठवलेलं पार्सल इथे पोचलं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आत मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला आणि दोन सुती कुर्ते. आईने प्रामाणिकपणे ६,२०० रुपये किंमत लिहिली होती, म्हणजे सत्तर डॉलर. मला बिल आलं ६३ डॉलरचं. त्यात कर ४१ आणि तो कर 'आमच्या वतीने भरल्याबद्दल' कुरियर कंपनीची हमाली २२. ही हमाली कुठे छापलेली होती म्हणून विचारलं, तर अटी-शर्तींचा अठ्ठावीस पानी कागद धाडला.

सध्या मेतकूट चमच्याने मोजून खातोय.

खवट
१६ सप्टेंबर २०२५, रात्री ९:३०

जाळं टाकलं चीनच्या स्वस्त कपड्यांसाठी आणि सापडली आमची चकली. चालायचंच.

पोर्टवाला
१६ सप्टेंबर २०२५, रात्री ११:१२

सुगरणताई, मी न्हावाशेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. कंटेनरचा माणूस आहे, डब्यांचा नाही. पण नियमांची भाषा तीच असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा हिशेब दुरुस्त करू. अमेरिका कर लावते तो मालाच्या किमतीवर, भाड्यावर नाही. आमच्या भाषेत एफओबी किमतीवर. त्यामुळे ५० टक्के हे पाच हजारांचे, म्हणजे अडीच हजार. साडेसात हजार भाडं ही कुरियरवाल्याची आणि तुमची गोष्ट, तिकडच्या कस्टमला तिच्याशी देणंघेणं नाही. (आपल्याकडे उलटं आहे. भारतात येणाऱ्या मालावर किंमत, विमा आणि भाडं धरून कर लागतो. म्हणून तिकडून आलेलं पार्सल इथे जास्त झोंबतं.)

आता हे झालं कसं. अमेरिकेच्या १९३० च्या टॅरिफ कायद्यात १९३८ साली कलम ३२१ घातलं गेलं. विचार साधा होता: चार आण्याचा कर वसूल करायला रुपया खर्च होत असेल तर तो सोडून द्यावा. तेव्हा मर्यादा होती मालाला १ डॉलर आणि भेटवस्तूला ५ डॉलर. ती वाढत वाढत १९९३ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ८०० डॉलर झाली. तुमचे नऊ वर्षांचे डबे या ८०० च्या छत्रीखालून गेले, म्हणून तुम्हाला कधी काही विचारलं गेलं नाही. दरम्यान ऑनलाइन दुकानांनी याच दारातून माल ओतला. २०२४ च्या आर्थिक वर्षात अशी १३६ कोटी पार्सलं अमेरिकेत शिरली. यंदा २ मेपासून चीन आणि हाँगकाँगसाठी सूट बंद झाली, २९ ऑगस्टपासून सगळ्या जगासाठी. त्यात भारतावर आधी २५ टक्के होते, २७ ऑगस्टला आणखी २५ चढले. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या, म्हणून घाव मोठा वाटतोय.

पोस्ट का बंद? कारण आजवर पोस्टाला कर गोळा करावाच लागत नव्हता. आता तिकडच्या कस्टमची मान्यता असलेल्या कुणीतरी तो आधीच भरायचा, आणि हे 'कुणीतरी' कोण, पैसे कसे वळते करायचे, याचा पत्ता नसताना तारीख उजाडली. विमान कंपन्यांनी टपालाच्या थैल्या उचलायला नकार दिला. आपलंच पोस्ट नव्हे, जगातल्या ८८ टपाल खात्यांनी सेवा पूर्ण किंवा थोडीफार थांबवली आणि अमेरिकेला जाणारं टपाल ८० टक्क्यांहून जास्त घसरलं. बर्नच्या जागतिक टपाल संघटनेचे हे आकडे आहेत.

आता मुद्द्याचं. १०० डॉलरपर्यंतच्या भेटीची सूट अजून जिवंत आहे. ८०० ची गेली, १०० ची राहिली. एका माणसाला एका दिवसात १०० डॉलरपर्यंत, म्हणजे आजच्या भावाने साधारण ८,८०० रुपये. तुमचा पाच हजारांचा डबा त्यात आरामात बसतो. मग पाचशे कशाला लिहायचे? खोट्याची गरजच नाही. उलट पाचशे लिहिले आणि डबा गहाळ झाला तर भरपाई पाचशेचीच मिळते.

सुगरण_डोंबिवली
१७ सप्टेंबर २०२५, सकाळी ६:५०

पोर्टवाला दादा, खूप आभार. रात्री झोप लागली नव्हती, आत्ता वाचून जिवात जीव आला. म्हणजे मी निश्चिंत मनाने 'गिफ्ट' लिहू ना?

पोर्टवाला
१७ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:२०

थांबा. पैसे कोण देतं?

सुगरण_डोंबिवली
१७ सप्टेंबर २०२५, सकाळी १०:१५

निम्म्याहून जास्त डब्यांचे इथले आई-वडील देतात. पाच-सहा मुलं मात्र तिकडूनच माझ्या खात्यात टाकतात, आई-वडिलांना कशाला त्रास म्हणून. पाठवणारी म्हणून सगळ्यांवर माझंच नाव असतं.

पोर्टवाला
१७ सप्टेंबर २०२५, सकाळी ११:४८

मग उत्तर एक नाही, दोन आहेत.

गिफ्ट हा शिक्का डब्याचा नसतो, व्यवहाराचा असतो. ज्याला डबा मिळतो त्यानेच पैसे दिले असतील तर ती खरेदी. मग तुम्ही वर रेशमी रिबीन बांधा नाहीतर औक्षण करून पाठवा. त्या पाच-सहा डब्यांवर गिफ्ट लिहिणं म्हणजे चुकीचं घोषणापत्र. तिथे बिल लावा, किंमत लिहा, कर भरला जाऊ दे.

जिथे आई पैसे देते तिथे भेट आईची आहे, तुमची नाही. तुम्ही फक्त दुकान. दादरच्या दुकानातून साडी घेऊन लेकीला पाठवली तर भेट दुकानदाराची होत नाही. मग पाठवणारी म्हणून नाव आईचंच हवं, ओळखपत्र तिचं, सही तिची. डबा तुम्ही पोचता करा, पण फॉर्म तिला भरू द्या.

खवट
१७ सप्टेंबर २०२५, दुपारी १२:३०

दादा, एवढं खोलात जाऊन तिकडे खरंच कोण बघतं? पंचवीस वर्षं लोक 'युज्ड क्लोथ्स, नो कमर्शियल व्हॅल्यू' लिहून पैठण्या पाठवतायत.

पोर्टवाला
१७ सप्टेंबर २०२५, दुपारी १:०२

बघत नव्हते, कारण ८०० च्या खाली बघून मिळणार काहीच नव्हतं. आता प्रत्येक खोक्यात पैसे आहेत.

रानजाई
१७ सप्टेंबर २०२५, रात्री १०:४०

मी सिएटलजवळ असते, कामाचा थोडा संबंध अन्नाच्या आयातीशी येतो. एक कंगोरा राहिला.

कर वेगळा आणि खाण्याच्या वस्तूची पूर्वसूचना वेगळी. २००२ च्या जैवदहशतवादविरोधी कायद्यामुळे अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येक अन्नपदार्थाची आगाऊ सूचना तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएला, द्यावी लागते. अपवाद आहे तो आपल्या आयांसाठीच केलाय असं वाटावं असा: एखाद्याने स्वतःच्या घरी केलेला पदार्थ त्यानेच वैयक्तिक भेट म्हणून पाठवला तर सूचना लागत नाही.

आता गंमत बघा. आईने स्वतः लाडू वळून पाठवले तर कर माफ, सूचनाही माफ. आईने सुगरणताईंकडून विकत घेऊन पाठवले तर कर माफ, पण सूचना लागते, कारण पदार्थ पाठवणारीच्या घरी झालेला नाही. मुलाने पैसे दिले तर कर आणि सूचना दोन्ही. तेच बेसन, तेच तूप, तेच हात.

घाबरायचं कारण नाही. ही सूचना ऑनलाइन भरता येते, फी नाही, आणि बऱ्याच कुरियर कंपन्या भरूनही देतात. फक्त आधी विचारा, भरलेल्या सूचनेचा क्रमांक घ्या आणि तो कागदपत्रात लागलाय ना ते बघा.

आणि 'होममेड स्नॅक्स' असं मोघम लिहू नका. तांदळाच्या भाजणीची तळलेली चकली, बेसनाचा लाडू, पोह्यांचा चिवडा, असं इंग्रजीत एकेक ओळ, प्रत्येकाचं वजन आणि किंमत. मोघम वर्णनाची पार्सलं आधी बाजूला काढतात.

सुगरण_डोंबिवली
१७ सप्टेंबर २०२५, रात्री ११:२०

"तेच बेसन, तेच तूप, तेच हात." अगं बाई, हे मी स्वयंपाकघरात लिहून लावणार आहे.

म्युनिकमुक्काम
१८ सप्टेंबर २०२५, दुपारी १:१०

थोडं अवांतर, पण युरोपवाले वाचत असतील म्हणून. इथे ५० टक्क्यांचं संकट नाही, पण इथली भेटीची मर्यादा अमेरिकेहून तोकडी, ४५ युरो. त्यावर गेलं की आयातीचा व्हॅट. आणि खरा फास दुधाचा आहे. युरोपीय संघाबाहेरून खासगी पार्सलात दूध आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत. सासूबाईंनी गेल्या वर्षी चिवड्यासोबत कढवलेल्या तुपाची बरणी घातली. मला चिवडा मिळाला. बरणीऐवजी एक जर्मन पत्र मिळालं, अतिशय सभ्य.

दुबईकर_वहिनी
१८ सप्टेंबर २०२५, दुपारी ३:२५

आमच्याकडे अनारसे पाठवू नका हो! म्हणजे पाठवा, पण खसखस न लावता. अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत आहे, लोक खरोखर तुरुंगात गेलेत. आमच्या आई तांदळाच्या कण्या लावून पाठवतात. दिसतात अनाथ, लागतात बरे.

खवट
१८ सप्टेंबर २०२५, दुपारी ३:४०

धागा अमेरिकेचा आहे. पण खसखशीशिवाय अनारसा ही बातमी असल्याने माफ.

पुस्तकी_किडा
१९ सप्टेंबर २०२५, रात्री ८:५५

मी दर वर्षी भावाला डॅलसला दिवाळी अंकांचा गठ्ठा पाठवतो. तोही गेला का?

पोर्टवाला
१९ सप्टेंबर २०२५, रात्री ९:३५

नाही! हे सांगायचं राहिलंच. हे नवे कर ज्या आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांच्या कायद्याखाली लावलेत, त्यात पुस्तकं, नियतकालिकं, चित्रफिती अशा 'माहितीपर साहित्याला' हात लावता येत नाही. म्हणजे दिवाळी अंकावर हा वाढीव कर नाही. फक्त अंक आणि फराळ एका खोक्यात कोंबू नका. वेगळं पाकीट, वेगळं घोषणापत्र. पोस्ट सुरू होईपर्यंत कुरियरने धाडावं लागेल, आणि अंकांचं वजन तुम्हाला माहीतच आहे.

कोथरूडचे_आजोबा
२१ सप्टेंबर २०२५, सकाळी ७:१५

आम्ही उभयता ५ ऑक्टोबरला बॉस्टनला जात आहोत. बॅगेतून नेऊ का? सौ. ची यादी अकरा किलोवर गेली आहे.

रानजाई
२१ सप्टेंबर २०२५, रात्री ९:००

आजोबा, जरूर न्या. विमानात किंवा उतरल्यावर विचारतील तेव्हा 'अन्नपदार्थ आहेत' असं सांगा, न लाजता. सांगितलेली गोष्ट नको असेल तर फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर पहिल्याच खेपेला १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मांस नको. आणि आजींना म्हणावं, डब्यांवर इंग्रजीत नावं चिकटवा. अधिकाऱ्याला 'शंकरपाळे' समजावून सांगताना माझ्या बाबांनी भूमितीपर्यंत मजल मारली होती.

चिपळूणची_मीनल
२२ सप्टेंबर २०२५, दुपारी १२:०५

उलटा प्रश्न. भाऊ अमेरिकेतून भाऊबिजेला मला घड्याळ पाठवतोय. तो म्हणतो, भेट आहे, कर लागणार नाही. खरं का?

पोर्टवाला
२२ सप्टेंबर २०२५, दुपारी १२:५०

नाही, मीनलताई. आपल्याकडे ५,००० रुपयांपर्यंतची भेट माफ असायची. परदेशी ऑनलाइन दुकानांनी ग्राहकांच्या नावे हजारो 'भेटी' पाठवायला सुरुवात केली आणि १२ डिसेंबर २०१९ ला ते दार लावलं गेलं. आता पूर्ण कर भरून वस्तू येऊ शकते, माफीत फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतच्या भेटी नाहीत, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. भाऊ डिसेंबरात येणार असेल तर हातात घालून येऊ दे.

आणि एक. "तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, अमुक खात्यावर पैसे टाका" असा फोन किंवा मेसेज आला तर टाकू नका. कस्टम खात्याच्या खऱ्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन. टॅरिफ कायद्याचं सालही तेच, लक्षात राहील.

सुगरण_डोंबिवली
२९ सप्टेंबर २०२५, रात्री १०:१०

माझा निर्णय सांगते. सगळ्या घरी फोन केले. ज्यांच्या आया पैसे देतात त्यांना सांगितलं, डबा माझ्याकडून न्या, फॉर्म तुमच्या नावाने भरा, सोबत मी येते. दोघी म्हणाल्या, मग आम्हीच करतो, तू फक्त भाजणी दे. (घ्या! पण त्यांच्या हातची चकली लेकाला मिळेल, तेही बरंच.) तिकडून पैसे टाकणाऱ्या सहा जणांना खरं सांगितलं: विक्री आहे, बिल लागेल, कर लागेल. चौघे थांबले, दोघांनी रद्द केलं. त्यातला एक म्हणाला, "काकू, तुम्ही फारच सरळ आहात." कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही.

एडिसनचा_बाळ्या
१५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:३०

काकूऽऽ पोस्ट सुरू! आजपासून अमेरिकेची सगळी टपालसेवा पुन्हा चालू. कर इथल्या माणसाने नाही, बुकिंग करतानाच तुमच्या काउंटरवर भरायचा.

पोर्टवाला
१५ ऑक्टोबर २०२५, दुपारी २:१५

खरं आहे. घोषित एफओबी किमतीच्या ५० टक्के, आणि पोस्टाच्या मार्गाने वस्तूनिहाय मूळ कर वर लागत नाही, जो कुरियरला लागतो. शिवाय कर आगाऊ गोळा करण्याबद्दल पोस्ट वेगळी फी घेत नाही. बाळ्याची २२ डॉलरची हमाली इथे वाचते. तिकडच्या नियमात पोस्टासाठी दुसरी तात्पुरती पद्धतही होती, नगामागे ठोक ८० ते २०० डॉलर, भारताच्या वाट्याला २००. आपल्या पोस्टाने टक्केवारी धरली हे नशीब. १०० डॉलरच्या आतल्या भेटीचा फॉर्म कसा भरायचा ते काउंटरवर विचारून घ्या, पहिले काही दिवस सगळेच शिकत असतील.

खवट
१५ ऑक्टोबर २०२५, दुपारी २:४०

परवा वसुबारस. मुहूर्त छान साधलाय.

सुगरण_डोंबिवली
१६ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४५

आया पाठवणाऱ्या होत्या ते डबे कुरियरने आधीच गेले, बहुतेक पोचलेसुद्धा. ते थांबलेले चार आज पोस्टाने धाडले. पाच हजारांच्या डब्याला अडीच हजार कर, काउंटरवर रोख. पावती मिळाली, चारही मुलांना फोटो पाठवला. दिवाळीला पोचणार नाहीत हे त्यांना आधीच सांगितलंय. करंज्या आणि अनारसे काढून टाकले, त्याऐवजी टिकाऊ कडबोळी घातली. तुळशीच्या लग्नापर्यंत पोचले तरी पुष्कळ.

सुगरण_डोंबिवली
३ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ५:२०

चारातले तीन पोचले. टेक्ससचा डबा उघडून पुन्हा बंद केला होता, आत तपासल्याची चिठ्ठी. चिवडा जसाच्या तसा, चकल्यांची मात्र भाजणी व्हायची बाकी होती. चौथा न्यू जर्सीचा, चार दिवस 'कस्टमकडे सुपूर्द' असंच दाखवतोय. तुळशीची लग्नं ५ तारखेपर्यंत आहेत, म्हणून मी अजून फोन केलेला नाही.

एडिसनचा_बाळ्या
३ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ६:०२

काकू, न्यू जर्सीत कुठे? पत्ता चुकून माझ्याकडे आला तर मी परत करेन याची खात्री देत नाही.